सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

आईने खिळा खिडकीतून खाली फेकला तेव्हा घरात तीसेक माणसं होती. नातीची पाचवी होती. पाटावर सटवाईची पूजा मांडलेली, नशीब लिहायला कोरा कागद आणि पेन ठेवलेलं, बाळाच्या उशाखाली अडकित्ता सरकवलेला, सगळं रीतीप्रमाणे. समृद्धीच्या आईने, म्हणजे माझ्या मुलाच्या सासूने, काळ्या दोऱ्यात ओवलेला बोटभर लांबीचा एक खिळा आणला होता. आमच्या आगरी घरांतून जुनी माणसं हे अजून पाळतात. पहिले पाच दिवस बाळाच्या वासावर जे काही फिरत असतं, ते बाहेरून येणाऱ्या बापाच्या पाठीवर बसून घरात शिरतं म्हणतात. म्हणून बापाच्या करगोट्याला लोखंड. माझा मुलगा हितेश हसत हसत शर्ट वर करून उभा राहिला, आणि पंचाहत्तर वर्षांची माझी आई, जी गुडघ्यांपायी खोलीतून हॉलमध्ये येताना वाटेत एकदा बसते, ती ताडकन उठली, विहीणबाईच्या हातातला खिळा हिसकावला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकला. "या घरान बापसाचे कंबरेला लोखंड नाय बांधाचा," ती म्हणाली. "पोरीचे उशाशी कितीव ठेवा." मग परत जागेवर जाऊन बसली. म्हातारीचं डोकं फिरलं म्हणून सगळे हसले, विहीणबाई तेवढ्या रुसल्या. मीही हसलो, पण मला ते आवडलं नाही. आई कशावर हात टाकणारी बाई नव्हे. पंचावन्न वर्षं गावाने तिला मागे उभं केलं आणि ती मागे उभी राहिली. तिच्या अंगात असं काही शिल्लक असल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते एका खिळ्यावर का निघालं ते मला कळेना.

त्याच वेळी खिशातला फोन वाजला. आनंद मोडक. "शिवरामजी, पुस्तिकेचं प्रूफ तयार आहे. संध्याकाळी ठाकुर्लीलाच येतोय, देऊन जातो." मी म्हटलं, या की, घर तुमचंच आहे. मोडकांशी मी नेहमीच गोड बोलतो. शेळी कापायच्या आधी आपण तिला पाला घालतोच.

हे मोडक म्हणजे दारूखान्याच्या मोडक साहेबांचे चिरंजीव, डोंबिवलीचे निवृत्त प्राध्यापक. आणि दारूखाना म्हणजे आमच्या चिंचखार गावाच्या उरावर पाऊणशे वर्षं बसलेला लष्कराचा दारूगोळा डेपो. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजाने आमची मिठागरं घेतली, भातखाचरं घेतली, गावाचं मसणही घेतलं आणि त्यावर मातीचे उंच बांध घालून त्यांच्या पोटात गोळ्यांची, बाँबची कोठारं बांधली. इंग्रज गेला तरी तारेचं कुंपण राहिलं. ज्यांची जमीन गेली त्यांचीच पोरं मग तिथे पेट्या उचलायला लागली, माझा बाप नाथा त्यातलाच. म्हणजे माझा बाप स्वतःच्या बापाला जाळलं त्या जागेवर रोज आठ तास पेट्या रचत होता. आता लष्कर निघून गेलंय. आजूबाजूला बावीस बावीस मजल्यांचे टॉवर उठलेत, आणि मधल्या तुकड्यात 'दारूखाना स्मृतिउद्यान' होतंय. त्याचा इतिहास लिहायला समिती नेमली. आनंद मोडक लेखक, आणि मी स्थानिक भूमिपुत्र. भूमिपुत्र एवढ्याचसाठी की उद्यानाचा रस्ता माझ्या जागेतून जातो. मी रस्ता दिला, हसत दिला, आणि बदल्यात फक्त एक खुर्ची मागितली.

संध्याकाळपर्यंत मी पाचवीच्या गर्दीत बसून होतो, पण मन दारूखान्याच्या गेटवर होतं. ते नेहमी तिथेच असतं. मी आयुष्यात कधी त्या गेटच्या आत पाऊल टाकलेलं नाही. आधी परवानगी नव्हती, आणि नंतर होती तेव्हा मी शपथ घेतलेली होती की बापाचं नाव दगडावर येईल तेव्हाच आत जाईन. त्या गेटची पद्धत मात्र मला तोंडपाठ आहे, गावातल्या प्रत्येक पोराला होती. आत जाताना कामगाराने विडीचा कट्टा आणि काडेपेटी गेटवरच्या लाकडी कप्प्यात ठेवायची. कप्प्याच्या खिळ्याला पितळेचा एक बिल्ला टांगलेला असे, त्याच नंबरचा. काडेपेटी आत ठेवली की बिल्ला गळ्यात. जाताना बिल्ला दिला की काडेपेटी हातात. मग झडती. हात वर, बगला, खिसे, कंबर. चपलेला चूक, म्हणजे बारीक खिळाही, चालत नसे, पट्ट्याला बक्कल चालत नसे. दगडावर लोखंड घासलं तरी ठिणगी पडते, आणि आत जे होतं त्याला एक ठिणगी पुरे होती. १९७० च्या एप्रिलात ती पडली. नऊ नंबरचं कोठार गेलं आणि बारा माणसं गेली. मी तेव्हा पाच दिवसांचा होतो. चौकशी झाली, आणि कोठाराचे सुपरवायझर मोडक साहेब यांनी लिहून दिलं की कामगार नाथा याने चोरून विडी पेटवली. गेटवर सरकारने दगड बसवला तेव्हा त्यावर अकरा नावं आली.

बाकीचं माझं बालपण. मी काडेपेटी आणायला गेलो की दुकानदार म्हणायचा, सांभाळून ने रे बाबा, तुमच्या घराण्याचं काय सांगावं. शाळेत मला विडी म्हणायचे. गंगुबाई आमच्या शेजारची, तिचा नवरा दगडावर चौथा. तिने पंचावन्न वर्षांत आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. दर एप्रिलात गावातल्या अकरा बायका दगडाला हार घालायला जायच्या आणि माझी आई मागे, तारेला टेकून, मला कडेवर घेऊन उभी राहायची. पुढे मी मोठा झालो तेव्हाही ती जायची. मी म्हणायचो, आई, कशाला जातेस शेण खायला? ती म्हणायची, जावा लागतं. मला वाटायचं माझी आई गरीब आहे, भित्री आहे. त्या दगडासमोर उभं राहून मी किती वेळा मोडक साहेबाला मारलंय याचा हिशेब नाही. कधी विळ्याने, कधी नुसत्या हाताने. तो तेव्हा बदली होऊन पुण्याला गेला होता आणि मी नुसता त्याचा उंच, गोरा गळा आठवत बसायचो, जो मी पाहिलेलाही नव्हता.

बिल्ला मला सापडला पंचविसाव्या वर्षी. जुनं घर पाडून आम्ही ही बिल्डिंग बांधली तेव्हा भाताच्या कणगीच्या बुडाशी फडक्यात गुंडाळलेला. पितळ काळं पडलेलं, आकडा स्पष्ट. सत्तेचाळीस, माझ्या बापाचा नंबर. हातात घेतला आणि मला एका क्षणात सगळं उलगडलं. बिल्ला बापाच्या गळ्यात होता, म्हणजे काडेपेटी गेटवर कप्प्यात होती. मग विडी पेटवली कशाने, कपाळाने? मोडक खोटं बोलला होता आणि त्याचा पुरावा तीस रुपये किलोच्या पितळात माझ्या हातात होता. वाटलं, मूर्ख लोक, प्रेताबरोबर हेही देऊन टाकलं, यांना कळलंसुद्धा नाही. मी तो खिशात घातला. आईने कधी विचारलं नाही. मला वाटलं तिला पत्ताच नाही. मी कोणाला काही सांगितलं नाही, कोर्टात गेलो नाही, पेपरात दिलं नाही. लोणचं आणि सूड, दोन्ही मुरावे लागतात. तीस वर्षं तो बिल्ला माझ्या कपाटात मुरत होता. आणि मग मोडक साहेब नव्वदीत मुलाकडे डोंबिवलीला राहायला आला, माझ्यापासून एका स्टेशनावर.

आनंद मोडक संध्याकाळी आला. सभ्य माणूस, बाळाच्या हातात पाकीट ठेवलं, आईला वाकून नमस्कार केला. आई आत निघून गेली. मी प्रूफ उघडलं आणि थेट ते पान काढलं. 'एका कामगाराच्या निष्काळजीपणामुळे.' नावसुद्धा नव्हतं, फार सभ्यपणे लिहिलं होतं.

"शिवरामजी, मला कल्पना आहे," तो म्हणाला. "मी मुद्दाम नाव गाळलं. पण अहवालात जे आहे ते मला बदलता येत नाही. दगड नवा घडवतोय, त्यावरही अकराच नावं घ्यावी लागतील. काही पुरावा असता तर मी स्वतः बारावं घातलं असतं."

"नाही ना पुरावा," मी म्हटलं. "असू दे. रविवारी उद्घाटनाला साहेबांचा सत्कार आहे ना, शाल मी घालणार. एवढं करा."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मोठा माणूस म्हणाला. मग जरा संकोचून म्हणाला, "एक सांगून ठेवतो. बाबांना आता काही आठवत नाही, पण कोणी जवळ गेलं की ते झडती घेतात. हात वर करायला लावतात, कंबर चाचपतात. दूधवाल्याची, डॉक्टरांची, कोणाचीही. ऋजुता, माझी सून, ती तर रोज सकाळी देते बिचारी. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

मी खूप हसलो. तो गेल्यावरही हसत होतो. देवाने माणसाला काय शिक्षा दिली, मरेपर्यंत गेटवरच उभा केला. पण मला देवाने दिलेली शिक्षा नको होती. ती माझ्या हातची हवी होती. रविवारी चारशे लोकांसमोर, माइकवर, शाल घालता घालता मी बिल्ला वर धरणार होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ झोपलं होतं, माझी बायको कल्पिता स्वयंपाकघरात होती. मी आईसमोर जाऊन बसलो आणि बिल्ला तिच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, आई, रविवारी नाव निघतंय बापाचं. ती त्याच्याकडे बघत राहिली. हात लावला नाही.

"मना वाटलाच, तूच नेला असशील," ती म्हणाली. "नको दाखवू त्यो."

"का नको?"

"विडी नव्हती म्हटला, का लोकं इचारतीन, मंग काय व्हता."

मला ते कळलं नाही, आणि मग कळायला लागलं. कालचा खिळा माझ्या पायापासून वर चढत आला. मी विचारलं नाही, तिने आपणहून सांगितलं, बिल्ल्याकडे बघत, तांदूळ निवडताना बोलावं तशा आवाजात.

"तुजा पाचवा दिस व्हता. दारूखान्यान आपला मसन, मना भ्या वाटायचा. मीच बांधला त्याचे करगोट्याला खिला. त्यो नको बोल्ला, मी रडले, म्हनून बांधून गेला. त्या दिशी गेटाव झरती घ्यायला सोता मोडक सायेब उभा. त्याचे हाताला लागला खिला. तुजा बापूस बोल्ला, सायेब, पोराचा पाचवा दिस हाय. सायेबाचा पयला पोर पाचव्या दिसालाच गेलेला. त्यानी हात काढला नि बोल्ला, जा."

"तुला हे कोणी सांगितलं?"

"त्यानीच. बाराव्याला आल्ता. पडवीन बसून रडला. हा बिल्ला त्यानीच दिला मना. बोल्ला, मी विडी लिवली. खिला लिवला तं माजी नोकरी जाल, नि तुजा नाव येल. तुना जवा वाटल तवा हा बिल्ला काढ, मी 'नाय' बोलनार नाय."

"आणि तू काढला नाहीस."

"अकरा बाया व्हत्या रे गावान. त्यांना काय सांगू, तुमचा कुंकू मी पुसला? तुजा बापूस तं गेलेला. मना तुना वाढवाचा व्हता."

खिळ्यानेच ते झालं की उन्हाने तापलेल्या पेटीत आधीच काही बिघडलेलं होतं, हे सांगायला आत कोणी उरलंच नव्हतं. मी तिला तसं म्हणू शकलो असतो. मी म्हटलं, "म्हणजे बापाला तुम्ही दोघांनी मिळून वाटून घेतलंत." मी बिल्ला उचलला आणि खाली उतरलो.

चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. ताटावर बसायचो आणि उठायचो. ज्या बाईसाठी मी इतकी वर्षं गावावर दात धरला ती बाई कणगीतला बिल्ला रोज उकरून बघत असेल आणि परत झाकत असेल, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. दुकानदार मला हिणवत होता तेव्हा तिला माहीत होतं. मी शाळेतून रडत आलो आणि तिने पदराने माझं तोंड पुसलं, तेव्हा तिला माहीत होतं. माझ्या सुडाला एक गळा होता, आता दोन झाले, आणि दुसऱ्या गळ्यात माझ्या लहानपणापासूनची काळी पोत होती, जी नवरा गेल्यावरही तिने देवीची म्हणून घातलेली. मला तिचीही कीव येत नव्हती. हे मी लपवत नाही. शनिवारी मी बिल्डिंगच्या मागे गेलो आणि तुळशीच्या कुंड्यांमध्ये शोधून तो खिळा काढला, काळ्या दोऱ्यासकट. मोडकाला विसरायची सोय मिळाली होती ना? मी त्याला आठवण करून देणार होतो, त्याच्याच बोटांनी. आणि मग गावाने विचारलं असतं, काय व्हता, तर उत्तर द्यायला आई मंडपात असणारच होती. रविवारी आंघोळ करून मी खिळा करगोट्याला बांधला. तो थंड होता आणि बसताना पोटाला टोचत होता.

सकाळी दहाला कार्यक्रम होता. दारूखान्याचं जुनं गेट घासूनपुसून हिरव्या रंगाने रंगवलेलं, त्याच्या अलीकडे मंडप, बाजूला कापडाखाली दगड. जिवंत उरलेल्या विधवा पहिल्या रांगेत, चारच. गंगुबाई आता कळव्याला मुलीकडे असते, तिथून मुलीबरोबर आली होती. आई सवयीने मागे जाऊन उभी राहिली तर आनंद मोडक स्वतः गेला, तिचा हात धरून तिला पुढे आणलं आणि नेमकं गंगुबाईच्या शेजारी बसवलं. गंगुबाईने तोंड फिरवलं. भाषणं झाली. मग माझं नाव पुकारलं आणि मी शाल घेऊन व्यासपीठावर चढलो. मोडक साहेब खुर्चीत बसला होता, समोर माइक. ज्या गळ्याची मी आयुष्यभर कल्पना केली तो सुरकुत्यांचा, बारीक, दाढी न केलेला गळा होता. मी शाल उलगडून त्याच्या खांद्यावर टाकली आणि वाकलो.

"हात वर," तो म्हणाला.

माइकवरून ते सगळ्या मंडपात गेलं. लोक कौतुकाने हसले. मी हात वर केले. त्याची बोटं बगलांतून खाली आली, खिशावर आली. खिशात बिल्ला होता, त्यावरून तशीच पुढे गेली, बिल्ल्याला मनाई नव्हती. मग शालीच्या आड ती कमरेला आली आणि थांबली. इतकी वर्षं सगळ्यांच्या कमरा चाचपून ती जे शोधत होती ते त्यांना सापडलं होतं. त्याचा चेहरा माझ्यापासून एक वीत अंतरावर होता. मी तो बघायलाच आलो होतो, आणि मला तो बघवेना.

"नाथा," तो म्हणाला. "पाचवा दिवस ना?"

"हो साहेब," मी म्हणालो. कोण म्हणालं मला माहीत नाही.

"नाही सोडणार. आज नाही सोडणार तुला. काढ तो."

मी हललो नाही. त्यानेच शालीखाली गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. मंडपात आता कोणी हसत नव्हतं. शेवटी दोरा तुटला आणि त्याने मूठ मिटली. "विडी नव्हती," तो कोणाकडेही न बघता म्हणाला. "विडी मी लिहिली." स्पीकरमधून ते दारूखान्याच्या मातीच्या बांधांपर्यंत गेलं असेल. आनंद पांढराफटक पडला होता.

गंगुबाई उठून उभी राहिली. उठताना आधाराला तिने हात टाकला तो माझ्या आईच्या खांद्यावर. "विडी नव्हती," ती म्हणाली. "मंग काय व्हता?"

आनंद पुढे झाला. "बाबा, हातात काय आहे? बघू."

मी आनंदचं मनगट धरलं आणि खाली बघितलं. आईने पदर तोंडावर घेतला नव्हता. ती माझ्याकडे सरळ बघत होती आणि तिने दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले होते, उठण्यासाठी. ती उठणार होती आणि सांगणार होती. मला हेच हवं होतं, मी त्यासाठीच खिळा शोधून आणला होता. गंगुबाईचा हात अजून तिच्या खांद्यावर होता. पंचावन्न वर्षांत गावातल्या कुठल्या बाईने तिला असा हात लावलेला मी पाहिला नव्हता.

"काडेपेटी आहे माझी," मी म्हणालो. "कमरेला खोचलेली राहिली." माझा आवाज स्पीकरवरून माझ्याच कानावर आला. मोडकाचा आवाज चौकशीत असाच आला असेल, असाच शांत. मग मी खिशातून बिल्ला काढला आणि आनंदच्या समोर धरला. "हा माझ्या बापाचा बिल्ला. बिल्ला गळ्यात, म्हणजे काडी गेटवर. तुमचे वडील खरं तेच सांगतायत. बारावं नाव घाला."

"घालतो," आनंद म्हणाला.

"मंग काय व्हता रं, शिवराम?" गंगुबाईने परत विचारलं.

"कोणालाच कळलं नाही, काकी," मी म्हणालो.

आई परत नीट मागे टेकून बसली. मोडक साहेब एक मूठ मिटून दुसरा हात खुर्चीच्या बाजूला हवेत चाचपत होता, काहीतरी शोधत होता. माझ्या लक्षात आलं. वस्तू ठेवून घेतली की बिल्ला द्यायचा, आणि कप्प्याच्या खिळ्याला बिल्ला नव्हता. मी सत्तेचाळीस नंबर त्याच्या हातावर ठेवला. त्याने अंगठ्याने आकडा वाचला, मान डोलावली आणि तो परत माझ्या हातात दिला.

"सत्तेचाळीस," तो म्हणाला. "जाताना घेऊन जा. जा आता आत, नाथा. आता काही होणार नाही."

मी बिल्ला मुठीत धरून व्यासपीठावरून उतरलो आणि गेटमधून आत गेलो.